घरी बांधायची स्वस्त गाडी: ओम्नी, नॅनो की मारुती ८००?

लेथवाला_कुपवाड | रविवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसता वाचनमात्र आहे. आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक सीओटू वेल्डिंगचं मशीन. पंपांचे शाफ्ट आणि बुश करून घर चालतं. पण डोक्यात एक किडा शिरलाय तो निघत नाही. स्वतःच्या हातानं दोन सीटची, उघडी, बुटकी गाडी बांधायची.

इंग्लंडात हा जुना नाद आहे. लोटस या तिथल्या गाडी कंपनीच्या कॉलिन चॅपमननं १९५७ ला सेव्हन काढली, अशीच दोन सीटची, उघडी, लांब नाकाची. तेव्हा तिथं तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर नाही. मग लोक खोक्यात गाडी आणायचे आणि घरी जोडायचे. १९७३ ला तो टॅक्स गेला, व्हॅट आला. त्याच साली सेव्हनचे हक्क केटरहॅम नावाच्या कंपनीकडे गेले. टॅक्स वाचायचा बंद झाला तरी लोकांची हौस काही सुटली नाही. पुढं तिथल्या काटकसरी लोकांनी सेव्हनसारखीच 'लोकॉस्ट' काढली. २५ मिमीचा चौकोनी पाईप, १.६ मिमी जाडी, आणि बाकी सगळा माल जुन्या फोर्ड एस्कॉर्टचा.

मला तसलंच काहीतरी हवंय. बजेट अडीच लाख (घरी दीड सांगितलंय). माझ्यापुढचे पर्याय:

बाहेरून किट मागवणं. आकडे बघून पान बंद केलं.

ओम्नी. मामांची २००४ ची दारात सडतेय, फुकट मिळेल. इंजिन उभं (गाडीच्या लांबीत बसवलेलं), मागच्या चाकांना ओढ, म्हणजे सेव्हनला बरोबर बसेल असं वाटतं.

नॅनो. मिरजेत एक आहे, चालू, पस्तीस हजार सांगतोय.

मारुती ८००. गल्लोगल्ली.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कंदीपेढा | रविवार, रात्री ११:५८

पहिला! सातारकराकडून शुभेच्छा. आमच्या गावात एके काळी प्रिया स्कूटर बनायची, तेव्हा या विषयावर बोलायचा आम्हाला जन्मसिद्ध हक्क आहे.

आणि राव, इंग्लंड कशाला? तुमच्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे आहे की. दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली होती. डिसेंबर २०२१ ला आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ टाकला, आणि जानेवारी २०२२ ला ती जीप घेऊन बदल्यात नवी बोलेरो दिली. तुम्ही बांधा, बोलेरो मिळाली तर आम्हाला चक्कर मारा.

नदीकाठचा_वकील | सोमवार, सकाळी ८:१५

कंदीपेढा, ती गोष्ट सगळे अर्धीच सांगतात. महिंद्रांनी तेव्हाच लिहिलं होतं की नियमात बसत नसल्यामुळं आज ना उद्या ही गाडी रस्त्यावर अडवली जाईल. त्यांनी कौतुक केलं कौशल्याचं. रस्त्याचा परवाना त्यांच्या हातात नव्हताच.

लेथवाला, पाईप आणण्याआधी हे वाचा. इंग्लंडात एका माणसानं बांधलेल्या एका गाडीची तपासणी करून तिला नंबर द्यायची सोय आहे. आयव्हीए म्हणतात तिला. जुन्या-नव्या भागांची भेसळ असेल तर नंबर 'क्यू'नं सुरू होतो. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम उत्पादकाला नमुना गाडी तपासून घ्यायला लावतो, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून. हा खर्च हजारो गाड्या विकणाऱ्यानं करायचा. एका गाडीसाठी तो कुणाला परवडत नाही.

दुसरं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीवर उत्पादकानं दिलेला जो तपशील आहे तो बदलेल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं. म्हणजे ओम्नी कापून तिच्या आरसीवर सेव्हन फिरवणं बाद.

थोडक्यात या गाडीला आपला एमएच १० चा नंबर मिळणार नाही. स्वतःच्या कुंपणातल्या जमिनीत चालवा, कुणी विचारणार नाही. पण शेतापर्यंत जाणारी पाणंदसुद्धा सार्वजनिक जागा धरली जाते, तेवढं लक्षात ठेवा. आणि विमा मिळणार नाही.

बुलेट_राजे | सोमवार, सकाळी ९:०२

वकीलसाहेब, तुमी लय घाबरवता बगा. आरं भावा, ओम्नीचा चेसी नंबर हाय न्हवं? त्यो पत्र्याचा तुकडा काप, नव्या पाईपावर वेल्ड मार, इषय कट. सांगलीत कोन बघतंय?

नदीकाठचा_वकील | सोमवार, सकाळी ९:२०

बुलेट_राजे, हा सल्ला मागं घ्या. चेसी नंबर कापून दुसरीकडं जोडणं म्हणजे चोरीच्या गाड्यांचा धंदा करणारे करतात ते काम. नुसता दंड भरून सुटका होत नाही. आणि उद्या त्या गाडीखाली कुणी आलं तर भरपाई विम्याशिवाय स्वतःच्या खिशातून, म्हणजे वर्कशॉप विकून.

बुलेट_राजे | सोमवार, सकाळी ९:३१

बरं बाबा, घेतला मागं. गंमत केली.

जुना_फिटर | सोमवार, दुपारी ३:४०

गंमत राहू द्या, कामाचं बोलू. चाळीस वर्षं गॅरेज केलं, आता मिरजेत घरी बसून असतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

लेथवाला, तुम्ही आधी गाडीचं चित्र ठरवलंय आणि मग त्यात बसणारी दाता गाडी (जिचे भाग काढून वापरायचे ती) शोधताय. उलट करा. दाता गाडीचं इंजिन कुठं आहे आणि ओढ कुठल्या चाकाला आहे यावरून चित्र ठरतं.

ओम्नी घ्या. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, इंजिन उभं, जॉइंट शाफ्टवरून मागं ओढ. कागदावर सेव्हनला अगदी जुळतं. पण ओम्नीत ड्रायव्हर पुढच्या चाकावर बसतो आणि इंजिन त्याच्या बुडाखाली. सेव्हनमध्ये ड्रायव्हर जवळजवळ मागच्या ॲक्सलला टेकून बसतो. म्हणजे गिअरची दांडी, क्लचची वायर, स्टिअरिंगची कांडी, सगळं नव्यानं. जॉइंट शाफ्टची लांबी बदलली की बॅलन्सिंग आलं. ते नीट झालं नाही तर साठच्या वर गाडी अशी थरथरेल की दातांतलं फिलिंग पडेल.

मागं कमान पाटे आहेत. हलक्या गाडीला ते फार कडक. काही पानं काढून टाकता येतात, पण मग पाटाच ॲक्सलला धरून ठेवणारा असल्यामुळं ॲक्सल वळवळतो. पाटे काढून कॉइल स्प्रिंग लावायची तर ॲक्सल धरायला गाडीच्या लांबीत चार दांड्या आणि ॲक्सल बाजूला सरकू नये म्हणून एक आडवा पॅनहार्ड रॉड हवा. तुमच्याकडं लेथ आहे, बुश कराल. तेवढं जमेल.

खरी अडचण पुढं आहे. पुढं मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे उंच शॉकॲब्सॉर्बर. सेव्हनचं नाक गुडघ्याएवढं. स्ट्रट त्या बॉनेटमधून खुंट्यासारखा वर येणार. तो टाळायचा तर पुढं दोन-दोन विशबोन (चाक धरणारे व्ही आकाराचे आर्म) घरी बनवा, त्यांचे जोडाचे बिंदू काढा, स्टिअरिंग रॅक त्या बिंदूंच्या हिशेबानं बसवा. रॅक अर्धा इंच चुकला तरी खड्ड्यात चाक वर गेलं की गाडी आपोआप वळते. पहिल्याच गाडीत हे करू नका.

मारुती ८०० ची ओढ पुढं, इंजिन आडवं. तिची पुढची अख्खी असेंब्ली उचलून मागं ठेवायची आणि स्टिअरिंगचे टाय रॉड चेसीला पक्के बांधायचे, म्हणजे मागची चाकं वळणार नाहीत. झाली मिड इंजिन, म्हणजे इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागं. परदेशात हे पुष्कळ लोकांनी केलंय. पण गिअरची दांडी, पाण्याचे पाईप, ॲक्सिलरेटरची वायर सगळं दीडपट लांब. पाण्याच्या पाईपात हवा अडकली की इंजिनाचं हेड गेलं म्हणून समजा.

नॅनो आधीपासूनच मागच्या इंजिनाची आहे. ६२४ सीसी, दोन सिलिंडर, मागच्या चाकांना ओढ, गिअरची केबल पुढं ड्रायव्हरपर्यंत आलेलीच. अख्खी गाडी सहाशे किलोच्या आसपास, पत्रा काढला की आणखी हलकी. पुढं स्ट्रट आहे, पण सेव्हनऐवजी बग्गी, म्हणजे शेतात-वाळूत पळवायची उघडी गाडी केली तर तिला उंच नाक चालतं. अमेरिकेत १९६४ ला ब्रूस मायर्सनं बीटलवर फायबरची बग्गी बसवली तीही याच कारणानं. मागं इंजिन असलेली स्वस्त गाडी त्याला हाताशी होती. आपल्याकडं तशी नॅनो आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक, चाकाला तीनच नट. बघायला गरीब वाटतं, पण शेतात उड्या मारायला पुरतं.

माझं मत नॅनो.

कंदीपेढा | सोमवार, दुपारी ४:०५

दंडवत काका. वाचनखूण साठवली.

लेथवाला_कुपवाड | सोमवार, रात्री १०:१२

काका, वाचून झोप उडाली. स्ट्रटचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आज कामावरून आल्यावर मामांच्या ओम्नीखाली टॉर्च घेऊन झोपलो, तुम्ही म्हणता तसंच आहे. पण नॅनोची बग्गी म्हणजे... मनात लांब नाकाची गाडी होती. बायको म्हणाली, नाक कशाला लांब पाहिजे, तुमचं आहे तेवढं पुरे.

मधुरा_विटा | मंगळवार, सकाळी ११:३०

तुमच्या मिसेसना माझा नमस्कार सांगा.

माझ्या भावानं विट्यात ८०० ची बग्गी करायला घेतली होती. तो बांधायचा, हिशेब मी लिहायचे, म्हणून खरे आकडे देते. त्याचा अंदाज १ लाख १० हजार. चौदा महिन्यांनी वहीत १ लाख ८७ हजार आणि गाडी ताडपत्रीखाली. ताडपत्रीखाली मांजरानं दोनदा पिलं घातली.

पाईप महाग नव्हता. तुम्ही लिहिलेल्या २५ मिमी, १.६ जाडीच्या पाईपाचं वजन मीटरला सव्वा किलोच्या आतच भरतं. ५० मीटर धरले तरी साठ किलो. आमच्याकडं तेव्हा किलोला ऐंशीच्या आत मिळाला होता, म्हणजे अख्खा सांगाडा पाच हजारांच्या आत. गाडी खाते ती बारीकसारीकनं. पाच टायर. ब्रेकची नवी नळी, व्हील सिलिंडर. रेडिएटर दोनदा. वायरिंगवाल्याचे तीन हप्ते. कटिंग व्हीलचेच ४,३०० झाले, माझ्याकडं बिलं आहेत. नट-बोल्ट वेगळ्या पानावर लिहायला लागले कारण ते पान भरलं.

म्हणून लेथवालादादा, चालू गाडी घ्या. बंद गाडी स्वस्त मिळते आणि तिथंच आपण फसतो. भावानं इंजिन 'फक्त स्टार्टर गेलाय' म्हणून घेतलं होतं.

हळदीचा_वायदा | मंगळवार, दुपारी १:१०

+१. आणि पुरातली गाडी घेऊ नका!! २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा बुडालेल्या गाड्या नंतर कुठं कुठं गेल्या देव जाणे. मी एका दलालाकडून स्वस्तात घेतली होती. आतून चकाचक, सीटकव्हर नवं. सहा महिन्यांनी ईसीएमच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) कनेक्टरमध्ये हिरवट बुरशी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला गाळाची रेघ असते. गालिचा उचला. हेडलाइटच्या आत बघा. नॅनोला तर इंजिनाचं डोकंच कॉम्प्युटरवर चालतं, ते भिजलेलं असेल तर सगळंच गेलं.

आणि दाता गाडी कुणाचीही असो, तिची आरसी रद्द करून घ्या. वकीलसाहेब, बरोबर ना?

नदीकाठचा_वकील | मंगळवार, दुपारी १:४५

बरोबर. त्याच कायद्याचं कलम ५५. गाडी कायमची वापराबाहेर गेली की मालकानं चौदा दिवसांत कळवायचं असतं. मूळ मालकाच्या नावावरच राहू दिली आणि तुम्ही कापून बसलात तर उद्या त्याच्याही घरी पोलीस, तुमच्याही.

बाजावाला_इस्लामपूर | मंगळवार, रात्री ११:२०

उशिरा आलो. कॉलेजात असताना २०१३ ला बाजा स्पर्धेसाठी (इंजिनिअरिंगची पोरं स्वतः बांधलेल्या गाड्या खडबडीत रस्त्यावर पळवतात ती) एका सीटची गाडी बांधली होती, पिठमपूरला नेली होती. तिथला रोल केजचा (गाडी उलटली तर माणसाला वाचवणाऱ्या पाईपांच्या पिंजऱ्याचा) नियम सांगतो, कारण बग्गीच्या नादात लोक इथंच मार खातात. मुख्य पाईप गोल, बाहेरचा व्यास २५ मिमी, जाडी ३ मिमी, पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के. तुमचा लोकॉस्टचा १.६ वाला चौकोनी पाईप सांगाड्याला ठीक, पण डोक्यावरचा केज त्याचा करू नका. गाडी उलटली तर तो वाकत नाही, दुमडतो. आणि उघड्या गाडीत केज नाही असं चालणार नाही, शेत असो नाहीतर ट्रॅक.

सीटबेल्टचा बोल्ट साध्या दुकानातला नको. बहुतेक गाड्यांत तो ७/१६ इंची, बारीक आट्याचा असतो. दाता गाडीतले बोल्ट आणि वेल्ड केलेले नट, दोन्ही पत्र्यासकट कापून ठेवा.

आणखी एक. आमची पहिली चेसी पूर्ण वेल्ड केली तेव्हा ती एका कोपऱ्यात ११ मिमी वर आली होती. आम्ही एका बाजूनं सलग वेल्ड मारत गेलो होतो. आधी सगळीकडं फक्त टॅक (वेल्डचे छोटे टिपके) मारायचे, कर्ण मोजायचे, मग आलटून पालटून समोरासमोरचे सांधे. सरांनी काही न बोलता ती चेसी कॉलेजच्या गेटजवळ ठेवली, पुढच्या बॅचला दाखवायला. अजून तिथंच आहे म्हणतात.

बुलेट_राजे | बुधवार, सकाळी ७:५०

११ मिमी म्हंजे काय, जाड वायसर टाकला की झालं!

बाजावाला_इस्लामपूर | बुधवार, सकाळी ८:३०

दादा, तुमच्या बुलेटला तुम्ही किती वॉशर टाकलेत ते कळलं.

लेथवाला_कुपवाड | रविवार, संध्याकाळी ६:५५

मंडळी, अपडेट.

आज मिरजेत नॅनो बघून आलो. २०११ ची, पिवळी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, गाळ नाही. गालिच्याखाली कोरडं. थंड इंजिन पहिल्या सेल्फला उठलं. तिसरा गिअर थोडा ओरडतो. पुढचं पेट्रोलचं झाकण उघडायला बॉनेट उघडायला लागतं हे बघून आमचा पोरगा खदाखदा हसला. मालक निवृत्त मास्तर आहेत. गाडी कापणार म्हटल्यावर गप्प झाले, चहा सांगितला, मग म्हणाले, 'बांधून झाली की दाखवायला आणा.' म्हटलं, रस्त्यावर आणता येणार नाही. मग तेच तासगावला येतो म्हणाले. एकतीस हजारांत ठरली. आरसी रद्द करायचा अर्ज ते स्वतः भरतायत, मला भरू देईनात.

गाडी तासगावला सासऱ्यांच्या बागेशेजारच्या पडीक दोन एकरात चालेल. चारी बाजूंनी कुंपण आहे. सासरे म्हणतात, द्राक्षाच्या तारेत घुसलास तर जावई बिवई बघणार नाही. मामांची ओम्नी मामांनाच परत. सेव्हनचं नाक मनात ठेवलंय, काढलेलं नाही.

काका, कापायच्या आधी नेमकं काय काय मोजायचं?

जुना_फिटर | रविवार, रात्री ८:२०

शाब्बास. आधी टाकीत पेट्रोल अर्धं ठेवा, टायरात हवा नीट भरा, दोन सीटवर तुमच्या दोघांच्या वजनाची सिमेंटची पोती टाका. मग सपाट कोब्यावर उभी करून जमिनीपासून प्रत्येक चाकाच्या मध्यापर्यंतची आणि वरच्या पत्र्यापर्यंतची उंची लिहा. स्ट्रटचा वरचा बिंदू, खालच्या आर्मचे दोन्ही बिंदू, मागच्या आर्मचे बिंदू, प्रत्येकाला ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं फुली मारा. फुल्यांचे कर्ण मोजून बघा, गाडी कधी ठोकलेली असेल तर इथंच कळेल. मग त्या फुल्या पक्क्या रंगानं करून ठेवा. तुमचा नवा सांगाडा त्याच फुल्यांवर उभा राहायचा. ग्राइंडरला हात त्यानंतर.

ओळंबा जड घ्या. दुकानात मिळतो तो हलका, फॅनच्या वाऱ्यानं हलतो.

लेथवाला_कुपवाड | रविवार, रात्री ९:०४

वडील गवंडी होते. त्यांचा पितळी ओळंबा माळ्यावर आहे, आत्ताच काढून दोरी बदलली. पुढच्या रविवारी सकाळी फुल्या मारतोय. काका, मिरजेहून न्यायला पोराला पाठवतो, नाही म्हणू नका.

जुना_फिटर | रविवार, रात्री ९:१०

आठला पाठवा. चष्मा आणि गुणिया माझा मी आणतो.